हाताजोगे काम : नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंसेवेचा शोध

समाजासाठी काही करावे ही इच्छा पुष्कळांना होते, परंतु त्या इच्छेला नेमके काम सापडते असे क्वचितच घडते. शहाद्यात राहणारे निवृत्त शिक्षक, नंदुरबारमध्ये नुकतीच पदवी घेतलेली तरुणी, दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळा झालेला व्यापारी किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यावरचा बारावी झालेला मुलगा, या सर्वांजवळ द्यायला थोडा वेळ आणि थोडे कसब असते. त्याच वेळेची आणि त्याच कसबाची निकड असलेली माणसेही त्यांच्यापासून फार दूर नसतात. तरीही दोघांची गाठ पडत नाही. मग दिवाळीच्या आठवड्यात फराळाची पाकिटे आणि वापरलेले कपडे घेऊन एखादी गाडी डोंगरात जाते, वाटप होते, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी गाडी परत येते. देणाऱ्याची भावना खरी असते, घेणाऱ्याची गरजही खोटी नसते; पण पुढच्या वर्षी दोघेही पुन्हा तिथेच उभे असतात.

स्वयंसेवा या विषयाच्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्याकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. ज्या कामातून करणाऱ्याला समाधान मिळते आणि गावालाही उपयोग होतो, ते काम बहुधा बाहेरून आलेल्या माणसाने योजलेले नसते. ते गावाने आपल्या रीतीने आधीच चालवलेले असते, त्यात कुठेतरी एका माणसाची उणीव असते, आणि ती भरून काढणाऱ्याला आपले काम सापडते. अशी कामे कोणती, ती कशी चालतात आणि त्यांत शिरायचे कसे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

भूगोल आणि हंगाम

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे त्याचे सहा तालुके आहेत. दक्षिणेकडे तापीच्या खोऱ्यातील काळी, सपाट, ऊस-कापूस-केळी-पपईची जमीन आहे, तर उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा असून त्यांच्या पलीकडे नर्मदा वाहते आणि तीच महाराष्ट्राची सीमा ठरते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे राज्यात सर्वांत कमी आहे. भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली इथल्या घराघरांत बोलल्या जातात आणि डोंगरातील पुष्कळ मुलांना प्रमाण मराठी प्रथम शाळेतच ऐकू येते.

स्वयंसेवकाच्या दृष्टीने या माहितीला थेट व्यावहारिक अर्थ आहे. डोंगरातले गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली घरे नव्हेत. ते अनेक पाड्यांचे मिळून बनलेले असते आणि एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्यापर्यंत चढ-उताराची बरीच पायपीट असते. 'अमुक गावात वर्ग सुरू केला' असे सांगताना तो कोणत्या पाड्यावर सुरू केला, हे सांगितले नाही तर त्या विधानाला फारसा अर्थ उरत नाही. वर्षाचाही असाच विचार करावा लागतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत उतरतात, पाड्यांवर म्हातारी माणसे आणि काही मुले मागे राहतात, आणि होळीला बहुतेक जण गावी परततात. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. प्रौढ साक्षरतेचा वर्ग जानेवारीत सुरू करणाऱ्याला रिकामी घरे भेटतात आणि 'लोकांना शिकायचेच नाही' असा चुकीचा निष्कर्ष तो काढून जातो. त्यामुळे तालुका, पाडा, बोली आणि हंगाम या चार गोष्टी कळल्याशिवाय कामाची निवड करणे म्हणजे पेरणीच्या आधी जमीन न पाहण्यासारखे आहे.

लाह : आधीपासूनची रीत

बाहेरून येणाऱ्याला स्वयंसेवा ही आपण सोबत आणलेली कल्पना आहे असे वाटण्याचा संभव असतो. सातपुड्यातील आदिवासी समाजात मात्र परस्परांच्या कामाला धावून जाण्याची 'लाह' नावाची रीत फार जुनी आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांत सावड किंवा इर्जिक या नावांनी जी पद्धत ओळखली जाते, तिच्याशी तिचे नाते आहे. एखाद्या घराला शेताची निंदणी वेळेत उरकायची असते, घर शाकारायचे असते किंवा डोंगरातून सागाची वजनदार लाकडे खाली आणायची असतात, तेव्हा ते घर आसपासच्या घरांना सांगावा धाडते. ठरलेल्या दिवशी प्रत्येक घरातून एक-दोन माणसे आपापली कुऱ्हाड, विळा किंवा कुदळ घेऊन येतात. मजुरीचा प्रश्न येत नाही. ज्याचे काम त्याने सर्वांना जेवू घालायचे, इतकीच अपेक्षा असते.

या रीतीची बारकाईने पाहणी केली, तर स्वयंसेवेची काही मूलतत्त्वे तिच्यात सापडतात. पहिले म्हणजे काम कोणते आणि कधी, हे ज्याची गरज आहे तो ठरवतो. दुसरे म्हणजे येणाऱ्याचे अवजार त्याच्या सवयीचे असते, म्हणजे ज्याला जे जमते तेच काम त्याच्या वाट्याला येते. तिसरे म्हणजे आज मदत घेणारा उद्या मदत देणारा असतो, त्यामुळे कोणी कोणाचा उपकारकर्ता ठरत नाही. आणि चौथे म्हणजे काम संपल्यावर सर्व जण एकत्र जेवतात, म्हणजे मदत आणि सहवास ही वेगळी खाती राहत नाहीत. सीमेपलीकडच्या झाबुआ भागातील भिल्ल समाजात 'हलमा' या नावाने अशीच परंपरा असून तिच्या बळावर डोंगरउतारांवर चर खोदून पाणी अडवण्याची मोठी सामूहिक कामे झाली आहेत. नव्या काळातील श्रमदानाला जुनी रीत कशी उपयोगी पडते, याचा तो शेजारचाच दाखला आहे.

वेठ आणि सेवा यांतील अंतर

याच जिल्ह्यात बिनमोल श्रमाची दुसरी, कडवट आठवणही आहे. सपाटीवरच्या मोठ्या शेतकऱ्यांकडे आदिवासी माणूस सालदार म्हणून, म्हणजे वर्षभराच्या ठरावीक मोबदल्यावर बांधलेला शेतमजूर म्हणून राबे, कर्जापोटी जमीन गमावून बसे आणि वेठीची कामेही त्याच्या माथी येत. या परिस्थितीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळींचा इतिहास हा स्थानिक स्वयंसेवेचाही इतिहास आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे संत गुलाम महाराजांनी दारू सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा आणि एकमेकांना 'आप' म्हणून मान देण्याचा उपदेश केला. त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले आणि १९३८ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी शहादा भागात भिल्ल समाजातील अंबरसिंग सुरतवंती यांनी, म्हणजेच अंबरसिंग महाराजांनी, गमावलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या सोबतीला शहरांतून काही सुशिक्षित तरुण आले आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली.

त्या तरुणांपैकी कुमार शिराळकर हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अभियंता होते. नोकरीची वाट सोडून ते शहादा भागात आले आणि २०२२ साली निधन होईपर्यंत शेतमजूर आणि आदिवासी यांच्या संघटनेचे काम त्यांनी सोडले नाही. अशी आयुष्यभराची निष्ठा प्रत्येकाला शक्य नसते आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण त्या पिढीने घालून दिलेला एक धडा सर्वांना लागू पडतो. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने गावात राहावे, लोकांचे ऐकावे, गावातल्याच तरुणांची मंडळे उभी राहू द्यावीत आणि निर्णय त्यांच्या हाती ठेवावेत, हा तो धडा होय. याच चळवळीतून घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता मराठी वाचकांना परिचित आहे. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून सांगणारे दुसरेच असतात आणि ज्यांचे दुःख आहे त्यांना त्या व्यासपीठावर कोणी बोलावत नाही, हा तिचा आशय आहे. स्वयंसेवेची इच्छा बाळगणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी, कारण आपण कोणाची जागा अडवत तर नाही ना, हा प्रश्न ती थेट विचारते.

वेठीची ही आठवण आजही एका व्यावहारिक बाबतीत जागी ठेवली पाहिजे. आरोग्य व्यवस्थेत 'आशा' कार्यकर्तीला सरकारी भाषेत स्वयंसेविका म्हटले जाते, मात्र तिचे काम नेमून दिलेले, मोजलेले आणि रोजचे असते. २०२०च्या टाळेबंदीत नर्मदाकाठची एक अंगणवाडी सेविका पाण्याने वेढलेल्या पाड्यांवरील बालकांना आणि गरोदर स्त्रियांना आहार पोचवण्यासाठी स्वतः नाव वल्हवत जात असल्याचे देशभर गाजले. तिच्या धैर्याचे कौतुक योग्यच होते; परंतु अशा कामाला पुरेसे मानधन आणि साधने मिळणे हा त्या स्त्रियांचा हक्क आहे आणि नुसत्या कौतुकाने भागत नाही. जे काम शासनाने पगार देऊन करायचे आहे, ते फुकट करून देणे म्हणजे स्वयंसेवा नव्हे. त्या कामापर्यंत लोकांना पोचवणे, त्याच्या उणिवा दाखवणे आणि ते नीट चालावे म्हणून पाठपुरावा करणे ही खरी स्वयंसेवा होय.

जीवनशाळा : गावाने उभारलेली शाळा

सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. या गावांपैकी बऱ्याच ठिकाणी शाळा कागदावर होती, पण शिक्षक पोचत नव्हते. नर्मदा बचाओ आंदोलनात एकत्र आलेल्या लोकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे स्वतःच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांना जीवनशाळा हे नाव दिले. पुढे मणिबेली, डनेल, थुवाणी, भाबरी, त्रिशूल यांसारख्या गावांतही त्या निघाल्या.

जीवनशाळा चालते कशी, हे पाहिले म्हणजे स्वयंसेवकाचे काम कुठे असते ते स्पष्ट होते. शाळेसाठी लाकूड, बांबू आणि श्रम गावाने दिले. मुले शाळेतच राहतात, त्यामुळे शिकवण्याबरोबर स्वयंपाक, पाणी, आजारपण, रात्रीची सोबत हे सर्व तिच्या दिनक्रमाचा भाग असते. शिक्षक शक्यतो त्याच भागातले, मुलांची बोली जाणणारे तरुण असतात. सुरुवातीचे धडे भिलोरी आणि पावरीच्या आधाराने दिले जातात आणि मग मुले मराठीकडे वळतात. झाडे, औषधी वनस्पती, नदी, शेती आणि आपल्या हक्कांची लढाई हेही अभ्यासाचेच विषय मानले जातात. जलाशयाचे पाणी वर चढत गेले तसतशा काही शाळांना जागा बदलून वर सरकावे लागले आणि प्रत्येक वेळी त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या.

या व्यवस्थेत नाशिक, पुणे, मुंबईकडून येणाऱ्या स्वयंसेवकाने मुख्य शिक्षक व्हावे अशी गरज नसते. त्याची गरज वेगळ्या ठिकाणी असते. शिक्षकांना गणिताची किंवा विज्ञानाची साधने तयार करून देणे, त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात एखादा विषय नीट समजावणे, मुलांची आरोग्य तपासणी करणे, चौथीनंतर पुढच्या शाळेत गेलेल्या मुलांचा अभ्यास आणि कागदपत्रे यांकडे लक्ष देणे, वर्षातून होणाऱ्या बालमेळाव्यात खेळांची आणि स्पर्धांची व्यवस्था पाहणे, तसेच धान्य, वह्या आणि मानधन यांसाठी वर्षानुवर्षे न चुकता ठरावीक रक्कम जमवणे, अशी ती कामे आहेत. यांतली बरीच कामे पडद्यामागची आहेत. पण शिक्षक टिकतो तो या कामांमुळे, आणि शिक्षक टिकला तरच शाळा टिकते.

अक्षरओळखीचे काम

सर्वांत कमी साक्षरतेच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला साक्षरतेचे काम शोधायला लांब जावे लागत नाही. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. १५ वर्षांवरील ज्या व्यक्तींना लिहिता-वाचता येत नाही त्यांना स्वयंसेवकांनी विनामोबदला शिकवावे, हा त्याचा पाया आहे. शाळा हे या कार्यक्रमाचे केंद्र असते; शाळेमार्फत असाक्षर व्यक्तींची आणि शिकवू इच्छिणाऱ्यांची नोंद होते आणि दोघांची जोडी लावली जाते. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांवर प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची चाचणी होते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात अशी पहिली परीक्षा झाली, तेव्हा नातवंडांच्या शाळेत बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या आजी-आजोबांनी अनेकांचे लक्ष वेधले.

प्रत्यक्ष शिकवण्याचे काम मात्र चाचणीपुरते मर्यादित नसते. दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबलेली बाई रात्रीच्या स्वयंपाकानंतर पाटीसमोर बसते, तेव्हा बाराखडीपासून सुरुवात केली तर दोन-चार दिवसांत तिचा धीर सुटतो. त्याऐवजी तिचे स्वतःचे नाव, तिच्या पाड्याचे नाव, रेशनकार्डावरचे आकडे, रोजगार हमीच्या हजेरीपटावरचे भरलेले दिवस, बँकेच्या पासबुकावरची शिल्लक आणि एसटीच्या पाटीवरचे गाव यांपासून आरंभ केला, तर शिकलेले दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडते. सही करता येणे आणि ज्या कागदावर सही करायची तो वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर तोडून देणे हे शिकवणाऱ्याचे खरे काम आहे. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. त्याच पाड्यावरची, तीच बोली बोलणारी नववी-दहावीची मुलगी हे काम बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा अनेकदा चांगले करते, आणि सुशिक्षित शहरवासी स्वयंसेवकाने अशा चार-पाच मुलींना साहित्य, कल्पना आणि धीर पुरवला, तर त्याच्या वेळेचे मोल कितीतरी वाढते.

रक्तदाता आणि सिकलसेल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात बराच आढळतो. यात रक्तातील गोलाकार तांबड्या पेशी विळ्यासारखा आकार घेतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, तीव्र वेदना होतात आणि रक्तक्षय वाढतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे त्यांच्यात आजाराचा एकेक जनुक असेल पण त्यांना स्वतःला फारसा त्रास नसेल, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. देशपातळीवर २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली असून तपासणी, समुपदेशन आणि औषधे यांची व्यवस्था सरकारी दवाखान्यांतून होते.

इथे स्वयंसेवकाची दोन कामे आहेत. पहिले काम रक्तदानाचे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली, किमान ४५ किलो वजनाची आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषाने दोन वेळांत किमान ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते. साठवलेले रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकते, त्यामुळे नेत्याच्या वाढदिवशी किंवा राष्ट्रीय सणाला एकाच दिवशी भरभरून रक्त जमा झाले आणि मे महिन्याच्या उन्हात रक्तपेढी रिकामी पडली, तर रुग्णाची अडचण तशीच राहते. वर्षाचे वेळापत्रक आखून, महाविद्यालये, व्यापारी संघटना आणि गणेश मंडळे यांच्याशी बोलून, दात्यांची गटवार विभागणी करणारा एक शांत माणूस रक्तपेढीला मिळाला, तर तो शंभर उत्साही माणसांइतके काम करतो. दुसरे काम संवादाचे आहे. तपासणी कशासाठी, अहवालाचा अर्थ काय, वाहक असणे हा रोग किंवा दोष कसा नाही, लग्न ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी तपासणी करून घेणे का हिताचे, हे सारे घरच्या बोलीत, कोणाचे नाव किंवा अहवाल चारचौघांत न आणता समजावणारी व्यक्ती हवी असते. ही गुप्तता पाळणे ज्याला जमत नाही, त्याने या कामात पडू नये.

समितीतली जागा

स्वयंसेवेची चर्चा करताना गावातील वैधानिक समित्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात; शाळेचा विकास आराखडा तयार करणे, शिक्षकांची उपस्थिती आणि पोषण आहार यांवर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. सदस्याला मोबदला मिळत नाही, म्हणजे हीसुद्धा स्वयंसेवाच आहे, आणि तिच्या मागे कायद्याचे बळ आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने निवडायची वनहक्क समिती ही डोंगरातील गावांसाठी तर जीवनमरणाची बाब आहे. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो आणि त्याचे किमान दोन पुरावे जोडावे लागतात. ज्यांच्या घरात कागद कधी आलाच नाही त्यांच्यासाठी नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे : गावातील वडीलधाऱ्या माणसाचे लेखी निवेदन पुरावा म्हणून धरले जाते. एखादे वृद्ध आजोबा शेताच्या बांधावर उभे राहून अमुक मोहाचे झाड कोणी लावले, तमुक ओहोळापर्यंत कोणाची नांगरट होती, कोणत्या दुष्काळात विहीर खोदली हे आपल्या बोलीत सांगतात आणि शेजारी बसलेला शिकलेला तरुण ते ऐकून, पुन्हा वाचून दाखवून, चुका दुरुस्त करून, नावे आणि चतुःसीमा बरोबर लिहून त्यांचा अंगठा किंवा सही घेतो. या कामाला एक दुपार, एक पेन आणि पुष्कळ सबुरी लागते. पण ते नीट झाले नाही तर दावा फेटाळला जाऊ शकतो आणि एका कुटुंबाची जमीन अधांतरी राहते. नंदुरबार जिल्ह्यात विविध संघटनांच्या प्रयत्नांतून वनहक्काचे दावे मोठ्या संख्येने दाखल झाले, त्यामागे अशा असंख्य दुपारी आहेत.

सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर जंगल राखण्याची जबाबदारी येते. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीची जबाबदारी साऱ्या गावाची, पाणी अडवण्यासाठी श्रमदान असे नियम गावाने स्वतः केले आणि पाळले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. बारीपाड्याचे यश एका दिवसाच्या वृक्षारोपणातून आलेले नाही. लावलेली रोपे जगली का, हे पाहायला दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही येणारी माणसे त्यामागे होती.

सात दिवसांच्या शिबिरानंतर

जिल्ह्यातील तरुणांची स्वयंसेवेशी पहिली ओळख बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेतून होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावात फेरी काढून जनजागृती आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम ठरलेला असतो. शिबिरातून गाव पूर्ण बदलेल अशी अपेक्षा चुकीची आहे. शिबिर हे गाव पाहण्याचे आणि स्वतःला तपासण्याचे साधन आहे. कोणाला मुलांमध्ये रमता येते, कोणाला हिशेब चोख ठेवता येतो, कोणाला म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसून ऐकता येते आणि कोणाला फक्त कुदळ चालवणेच आवडते, हे सात दिवसांत कळते. हे कळल्यावर शिबिराची सांगता होते आणि विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन घरी जातो, ही खरी हानी आहे. त्याच गावातील एका शाळेशी, एका समितीशी किंवा एका दवाखान्याशी त्याचे नाते पुढे चालू राहील अशी सोय महाविद्यालयांनी केली, तर याच योजनेतून जिल्ह्याला वर्षानुवर्षे टिकणारे कार्यकर्ते मिळतील.

काम निवडण्याची कसोटी

या सर्व उदाहरणांवरून काम निवडणाऱ्यासाठी काही निकष स्पष्ट होतात. पहिला निकष असा की काम ज्यांच्यासाठी आहे, त्यांनी ते मागितले आहे का किंवा निदान त्यांच्याशी बोलून ते ठरले आहे का. दुसरा, आपल्याजवळचे कसब त्यात खरोखर वापरले जाते का. हिशेबनिसाने खड्डे खणण्यापेक्षा बचत गटाची वही तपासून देणे आणि परिचारिकेने फळे वाटण्यापेक्षा सिकलसेलच्या रुग्णांची नियमित विचारपूस करणे अधिक मोलाचे आहे. तिसरा, जितका वेळ न चुकता देता येईल तितकाच कबूल केला आहे का; दर शनिवारी दोन तास येणारा माणूस महिनाभर राबून नाहीसा होणाऱ्यापेक्षा गावाला जास्त आधार देतो. चौथा, आपण थांबलो तर काम थांबेल की पुढे जाईल. ज्या कामात सुरुवातीपासून पाड्यावरचा एखादा तरुण किंवा तरुणी बरोबरीने उभी आहे, तेच काम पुढे जाते. आणि पाचवा, त्या कामातून आपल्यालाही काही शिकायला मिळते का, कारण ज्याला केवळ द्यायचेच असते तो लवकर थकतो.

समाधानाचा प्रश्नही याच निकषांशी जोडलेला आहे. स्वयंसेवकाला मिळणारे समाधान हे आभाराच्या भाषणातून किंवा शालीतून येत नाही. ज्या माणसांसाठी काम केले ती आपल्याला जाब विचारू शकतात, चूक दाखवू शकतात आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलावतात, या विश्वासातून ते येते. सातपुड्यातील लाहेत काम संपल्यावर यजमानाच्या अंगणात सर्वांबरोबर जेवायला बसणाऱ्याला हा विश्वास न मागता मिळतो.

म्हणून या दिवाळीत ज्यांना आपल्या जिल्ह्यासाठी काही करावेसे वाटते, त्यांनी प्रथम वाटपाची यादी बाजूला ठेवावी. आपल्या घरापासून एसटीने जाऊन परत येता येईल असे एक गाव किंवा एक पाडा निवडावा. तिथल्या शाळेत, आरोग्य उपकेंद्रात आणि ग्रामसभेत जाऊन निदान तीन वेळा नुसते ऐकावे. कोणते काम अडले आहे हे विचारावे आणि त्यातले आपल्या हाताजोगे एकच काम पुढच्या दिवाळीपर्यंत पत्करावे. नंदुरबार जिल्ह्यात अशी कामे भरपूर आहेत आणि ती करू शकणारी माणसेही कमी नाहीत. त्यांनी एकदा ऐकायला जावे, एवढीच विनंती आहे.